पी०४०१ आलाय म्हणून लगेच ईजीआर बदलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१५ ची दीड लिटर डिझेल सेडान, ९२ हजार किलोमीटर झालेत, रोजचं हडपसर ते खराडी, महिन्यातून एकदा गावाकडे चक्कर. इंजिनचा पिवळा लाइट लागलाय, घाटात पिकअप मेलाय, सकाळी थोडा काळा धूर, आणि स्कॅनरवर पी०४०१ हा दोषाचा कोड. एका गॅरेजने नवीन ईजीआर व्हॉल्व्हचं (जळका गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) बावीस हजाराचं एस्टिमेट दिलं, दुसरा म्हणतो पंधराशेत साफ करून देतो, तिसरा म्हणतो प्लेट मारून टाका कटकटच मिटेल. आणि तुम्ही विचारताय की तिघांतलं खरं कोण बोलतंय.

तिघांनीही कोड बघितला, गाडी कुणीच बघितली नाही असं मला वाटतंय. कारण तुम्ही जे लिहिलंय त्यात कुणी लाइव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे सेन्सरचे आकडे) उघडून बघितल्याचा उल्लेखच नाही. मी सव्वीस वर्षं डिझेलमध्ये काढलीत, साताऱ्याला हायवेच्या कडेला गॅरेज आहे, खंबाटकी चढताना दम लागलेल्या गाड्या निम्म्या माझ्याकडेच येतात, त्यामुळे हा कोड आठवड्यातून एकदा तरी बघतोच.

आधी हा कोड नेमकं काय म्हणतोय ते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, त्यापुढचा चार म्हणजे प्रदूषण कमी करणाऱ्या पार्टचा गट, आणि शेवटचं शून्य-एक म्हणजे ईजीआरचा फ्लो अपेक्षेपेक्षा कमी. "ईजीआर व्हॉल्व्ह खराब" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. फ्लो कमी, एवढंच. आणि गंमत पुढे आहे, तो फ्लो मोजायला ईजीआरच्या पाइपात बहुतेक गाड्यांत मीटरच नसतो! मग ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं कसं?

ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे चाललेला थोडा जळका गॅस परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) सोडायचा, म्हणजे सिलिंडरमधलं जळणं जरा थंड होतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. आता सिलिंडरला जागा ठरलेली. त्यात जळका गॅस घुसला की ताजी हवा तेवढी कमी आत येणार. ताजी हवा मोजतो कोण, तर एअर फिल्टरच्या डब्याला लागून बसलेला एमएएफ सेन्सर. ईसीएम व्हॉल्व्ह उघडायला सांगतो आणि एमएएफचा आकडा पुरेसा खाली येतोय का बघतो. नाही आला तर पी०४०१. म्हणजे ईजीआरवर केस टाकली ती एमएएफच्या साक्षीवरून. साक्षीदारच खोटा निघाला तर? म्हणून मी आधी साक्षीदार तपासतो, आरोपी नंतर.

कोड डिलीट करायची घाई करू नका हे आधीच सांगतो. कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीएममध्ये राहते, स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम म्हणून दिसते, किती आरपीएम होता, कूलंट किती गरम, गाडी किती स्पीडला. कोड उडवला की तीही उडते. मोबाइलवर फोटो काढा आणि मगच पुढचं. त्यात कूलंट जर हायवेच्या स्पीडला ६५-७० डिग्री दाखवत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडाच अडकलाय समजा, इंजिन पूर्ण गरमच होत नाहीये, थंड इंजिन काजळी जास्त करतं, आणि त्या काजळीने पुढचं सगळं भरतं. थर्मोस्टॅट न बदलता ईजीआर साफ केला तर वर्षभरात परत तेच.

आता साक्षीदाराची उलटतपासणी. त्यासाठी ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवर ॲप चालतं, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं तिथे लावायचा. तुमची गाडी पुण्याची २०१५ ची म्हणजे प्रदूषणाच्या बीएस फोर नियमातली, आणि बीएस फोर गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी टू (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडने सांगायची सोय) सक्तीचं आहे, त्यामुळे अडचण यायची नाही. (त्या काळात बीएस फोर सगळीकडे नव्हतं बरं का, २०१० ला तेरा शहरांत आलं, आपल्याकडची त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर, बाकी देशाला २०१७ उजाडलं. त्यामुळे गावाकडे पासिंग झालेली जुनी डिझेल असेल तर ती बीएस थ्री पण निघू शकते, आणि मग स्वस्तातला स्कॅनर बोलेलच असं नाही.)

हिशोब करा माझ्याबरोबर, सोपा आहे. दीड लिटर, चार सिलिंडर, म्हणजे एकेकाला ३७५ सीसी. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू, समजा ८५० आरपीएम. सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला ४२५ वेळा, चौघांचे मिळून १७००, सेकंदाला साधारण २८ श्वास. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे, हवा जरा विरळ, तर एका श्वासाला ०.३५ ते ०.४ ग्रॅम धरा. म्हणजे ईजीआर पूर्ण बंद असताना तुमचं इंजिन आयडलला सेकंदाला १० ते ११ ग्रॅम हवा ओढणार, फार तर थोडं इकडे-तिकडे. ईजीआर उघडला की हे ६-७ वर यायला पाहिजे.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, आयडलला सोडा आणि एमएएफचा आकडा लिहून घ्या. बऱ्याच गाड्यांत जास्त वेळ आयडलला ठेवली की ईसीएम स्वतःच ईजीआर बंद करतो, तेव्हा रीडिंगच्या आधी एकदा दीड हजारापर्यंत रेस देऊन सोडा आणि लगेच बघा. मग ईजीआरचा कप्लर (वायरिंगचा प्लग) काढा, व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो, परत आकडा लिहा. कप्लर काढल्याने अजून एक कोड पडेल, घाबरू नका, शेवटी उडवायचाच आहे. आता तुमच्याकडे दोन आकडे आले. लावल्यावरचा आणि काढल्यावरचा.

दोन्ही आकडे जवळपास सारखेच, १० आणि १०.५ असे, तर ईजीआरमधून खरंच काही जात नाहीये, रस्ता चोंदलाय किंवा व्हॉल्व्ह उघडतच नाहीये. मग साफसफाईला हात घाला. पण दोन आकड्यांत फरक चांगला आहे आणि दोन्हीही नको तेवढे वर आहेत, तर ईजीआर आपलं काम करतोय, थापा एमएएफ मारतोय. आणि जुन्या गाडीत ईजीआर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर कप्लरऐवजी त्याची बारकी रबरी नळी काढून हेच बघायचं, आणि काढलीच आहे तर उंदराने कुरतडलीय का तेही बघून घ्या. मला अर्धे व्हॅक्यूमवाले ईजीआर तिथेच सापडलेत.

गेल्या पावसाळ्यात एसटीतून रिटायर झालेले एक काका आले. दुसरीकडे नवीन ईजीआर टाकलेला, आठ दिवसांत लाइट परत. त्यांचं इंजिन तुमच्याएवढंच. मी कप्लर लावून बघितलं ९.८, काढून बघितलं १४.६. आता दीड लिटरचं इंजिन आयडलला १४.६ ग्रॅम हवा आणणार कुठून, टर्बो पण त्या वेळी झोपलेला असतो. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली, झाकण एका बाजूने उघडं, तिथून धूळ डायरेक्ट आत. एमएएफ काढून उजेडात धरला तर आतल्या बारीक तारेवर कापसाच्या तंतूसारखं काहीतरी आणि त्यावर तेलकट थर. घाण झालेला एमएएफ बऱ्याचदा आयडलला जास्त हवा दाखवतो आणि जोरात रेस केल्यावर कमी. आयडलला हवा जास्त दिसतेय म्हणून ईसीएम म्हणतो ईजीआर कमी पडतोय, उघड अजून, आणि खरी हवा आधीच कमी झालेली, म्हणून धूर. आणि वर चढाला हवा कमी दिसली की डिझेल कमी, म्हणून पिकअप नाही. सगळी लक्षणं ईजीआरची आणि दोषी दुसराच. स्प्रेने धुतला, वाळवला, लावला, तर कप्लर काढून १०.७ आणि लावून ६.२. काकांनी जुना ईजीआर पेपरात गुंडाळून डिकीत ठेवलेला, तो उघडून बघत बसले, झडप नीट हलत होती. म्हणाले मग हा काय फुकट गेला का. मी चहा सांगितला, दुसरं काय बोलणार.

एमएएफ धुवायला त्याचाच क्लीनर मिळतो, चार-पाचशेच्या आसपास. कार्बोरेटर क्लीनर मारू नका, तारेवरचं कोटिंग आणि प्लास्टिक खराब होतं. इंजिन बंद, थंड, कप्लर काढायचा, दोन स्क्रू असतात ते खोलायचे, हातभर लांबून नाही पण वीतभर अंतरावरून दहा-बारा फवारे, बस. कापूस, ब्रश, बोट, तोंडाने फुंकर, काही काही लावायचं नाही. अर्धा तास वाळू द्या. आणि कुणी धुऊन वापरायचा तेल लावलेला फिल्टर बसवला असेल तर तो काढून साधा कागदी टाका, त्याचंच तेल उडून तारेवर बसतं. एवढं करून परत दोन आकडे घ्या. खूप जणांचं काम इथेच संपतं, पाचशे रुपयांत.

तुमचं इथे संपलं नाही, म्हणजे लावून-काढून फरकच नाही, तर मग खरी साफसफाई. हे काम हात काळे करणारं आहे आणि ज्याला टॉर्क पाना कशाशी खातात माहीत नाही त्याने घरी करू नये, पण गॅरेजला करून घेताना समोर उभं राहायला काय हरकत आहे.

आदल्या संध्याकाळी ईजीआरच्या पाइपच्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हे बोल्ट वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन धरलेले असतात, सकाळी येऊन डायरेक्ट गोटी पाना लावला की एखादा तुटतो आणि तुटका बोल्ट काढायला साफसफाईच्या दुप्पट पैसे जातात. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, प्रत्येक होजचा आणि कप्लरचा मोबाइलवर फोटो. ईजीआरच्या कूलरमधून कूलंट फिरतो त्यामुळे खाली तसराळं ठेवा. याच वेळी कूलरच्या गॅसच्या तोंडात बोट घालून बघा, कोरडी काजळी असेल तर ठीक, ओलसर आणि गोडसर वास असेल, आणि मागचे काही महिने कूलंट गुपचूप कमी होत असेल, तर कूलर आतून लीक आहे. तो साफ करून उपयोग नाही, बदलायचा.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर त्याचं तोंड बघा. तुमच्या रोजच्या सात-आठ किलोमीटरच्या गाडीत मला काय दिसेल ते मी आत्ताच सांगतो, डांबरासारखा ओलसर काळा थर. नुसती काजळी कोरडी असते, पण इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ सोडणारी नळी) येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये तिला भेटते आणि दोघांची मिळून रबडी होते. इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतं, त्यामुळे ती कधी सुकतही नाही. मागच्याच महिन्यात एका गाडीचं इनटेकचं तोंड उघडलं, अंगठा सहज जावा असं भोक, त्यात करंगळी अडकत होती. पोऱ्याने खरवडून काढलेला माल चहाच्या ग्लासात भरला तर ग्लास अर्ध्याच्या वर गेला.

साफ करताना इलेक्ट्रिक मोटरची बाजू कायम वर ठेवायची, म्हणजे विरघळलेली घाण मोटरकडे न जाता खाली टपकते. काजळी काढायचा स्प्रे फक्त झडपेच्या तोंडात. दहा मिनिटं भिजू द्या, आइस्क्रीमची लाकडी काडी आणि जुना टूथब्रश, परत स्प्रे. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला की झडप बसते त्या कडेला चर पडतो आणि मग ती कधीच नीट बंद होत नाही. आख्खा व्हॉल्व्ह रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवणारे महाभाग पण बघितलेत मी, मोटर गेली की बावीस हजार खरोखरच द्यावे लागतात. झाल्यावर झडपेच्या वर थोडं डिझेल ओतून पाच मिनिटं ठेवा, एखाद-दुसरा थेंब चालतो, भराभर गळायला नको.

दोन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करायच्या नाहीत. एक, कॉस्टिक सोडा. ड्रेनेज मोकळं करायची पावडर म्हणा किंवा ओव्हन क्लीनर म्हणा, त्यात हाच असतो. लोखंडाला चालतो, ॲल्युमिनियमला खातो. मी शिकाऊ असताना आमच्याकडच्या एकाने ॲल्युमिनियमचा इनटेक गरम कॉस्टिकच्या पाण्यात टाकला आणि जेवायला गेला, डबा फसफसून फेस बाहेर, आणि आतला पार्ट पांढराफटक, खड्डे खड्डे. वर जो गॅस निघतो तो हायड्रोजन, शेजारी कुणी बिडी पेटवली नाही हे नशीब. दुसरी गोष्ट, डिझेल इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये क्लीनरचा स्प्रे. पेट्रोलवाल्यांचे व्हिडिओ बघून लोक करतात. डिझेलला तो स्प्रे म्हणजे इंधनच, चावी बंद केली तरी इंजिन ऐकेलच असं नाही, आणि सुटलेले कार्बनचे खडे आधी सिलिंडरमधून आणि मग टर्बोतून जाणार. इनटेक काढून बाहेर धुवा, काढता येत नसेल तर पोर्टमध्ये फडकं कोंबून थोडं थोडं खरवडा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, आणि फडकं काढायला विसरू नका (हसू नका, होतं असं).

बसवताना गॅसकेट नवीनच. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जुनं लावलं आणि तिथून लीक झालं तर परत तोच लाइट आणि परत तेच खोलणं. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे, मग पाना. बॅटरी लावल्यावर चावी ऑन करून इंजिन स्टार्ट न करता अर्धा मिनिट थांबा, ऑफ करून अर्धा मिनिट, काही गाड्या तेवढ्यात झडपेची बंद पोझिशन स्वतः शिकतात, काहींना मोठ्या स्कॅनरने शिकवावं लागतं, ते न करता गाडी बाहेर काढली तर साफ केलेला व्हॉल्व्ह पण आडमुठेपणा करतो. मग कोड उडवा. हा कोड साधारण दोन वेगवेगळ्या ट्रिपमध्ये चूक दिसल्यावर लाइट लावतो, त्यामुळे गॅरेजच्या गेटबाहेर लाइट नाही म्हणजे झालं असं धरू नका, शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, त्यात दोन-चार सकाळची थंड स्टार्ट आली पाहिजेत.

आता तो तिसरा, प्लेटवाला. ईजीआरच्या पाइपात पत्र्याची प्लेट मारली की फ्लो शून्य. म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्यावर एमएएफचा आकडा खाली येणारच नाही. म्हणजे कोणता कोड पडणार? पी०४०१! ज्या कोडसाठी गेलात तोच घेऊन घरी येणार. मग तो म्हणेल रिमॅप करून, म्हणजे ईसीएमचं प्रोग्रॅमिंग बदलून, कोडच बंद करू, त्याचे वेगळे पैसे. पीयूसीत पकडलं जात नाही हे त्याचं खरं आहे, कारण डिझेलच्या पीयूसीत रेस देऊन फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. पण प्रदूषण रोखणारा पार्ट असा बाद करणं कायद्यात बसत नाही, आणि तो गॅस शेवटी मगरपट्ट्याच्या सिग्नलला तुमच्याच नाकात जाणार. मी प्लेट मारत नाही, त्यापायी गिऱ्हाईक गेलं तरी चालतं.

बावीस हजारवाला पण दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. साफ करून, शिकवून झाल्यावर स्कॅनरवर मागितलेली पोझिशन आणि प्रत्यक्षातली पोझिशन जुळत नसेल, ५० टक्के मागितलं आणि झडप १२ वर अडकली, किंवा सोबत पी०४०३, पी०४०४ असे कोड येत असतील आणि वायरिंग ठीक असेल, तर मोटर नाहीतर आतला प्लास्टिकचा गिअर गेलाय, बदला मुकाट्याने.

आणि हडपसर-खराडीचं काय करायचं, तर रविवारी सोलापूर रोडने यवतपर्यंत जाऊन या, जाताना एक गिअर खाली ठेवून अडीच हजार आरपीएमच्या आसपास. जमलेली रबडी याने निघत नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण नवीन बसायचा वेग कमी होतो. (एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स डिझेल ज्यांच्याकडे आहे त्यांना तर ही चक्कर हवीच, त्यांच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफला (काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे डिग्री लागतात आणि ट्रॅफिकमध्ये ते होत नाही, पण तो लाइट वेगळा, त्याचं निदान वेगळं.)

तर कामाच्या दिवशी नको, गाडी धावपळीत असेल, शनिवारी निवांत गरम करून आयडलचे दोन आकडे घ्या, कप्लर लावून आणि काढून, सोबत फ्रीझ फ्रेममधलं कूलंटचं टेंपरेचर, आणि इथेच लिहा. इंजिनचा नेमका सीसी पण टाका, मी हिशोब परत लावून सांगतो खोलायचं का नुसता एमएएफ धुवायचा ते.